हरितगृह घेण्याआधी कापड तपासा

नेरूळ, जुईनगर, शिरवणे या भागात फिरताना गेल्या काही वर्षांत एक गोष्ट डोळ्यांत भरते. बैठ्या घरांच्या अंगणात, रो-हाऊसच्या मागच्या पट्ट्यात आणि इमारतींच्या गच्चीवर हिरव्या जाळीचे किंवा पांढऱ्या प्लास्टिकचे छोटे मांडव उभे राहिले आहेत. कोणी त्याला शेडनेट म्हणतो, कोणी पॉलिहाऊस, कोणी ग्रीनहाऊस. कोणी हौसेने भाजी लावतो, तर कोणी रोपे तयार करून चार पैसे मिळवतो. यांपैकी बरेच मांडव दुसरा पावसाळा पाहत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. जून महिन्यात फाटलेली जाळी विजेच्या तारेला लोंबताना दिसते आणि घरमालक म्हणतो, "आपल्याकडे हे चालत नाही."

मी शेतकरी नाही. तीस वर्षे कापडाच्या व्यापारात आहे. भिवंडीचा ग्रे माल, मालेगावची साडी, सुरतेचे सिंथेटिक या सगळ्यांतून हात गेलेला आहे. तरीही हा विषय लिहावयास घेतला, कारण या वस्तूची निवड मुळात कापडाची निवड आहे आणि ते मला फार उशिरा व नुकसान सोसून कळले.

माझी थोरली बहीण शिरवणे गावठाणालगत बैठ्या घरात राहते. दूल्हाभाईंच्या पश्चात तिने अंगणात मिरची, वांगी, टोमॅटो, झेंडू यांची रोपे आणि थोडी मेथी-कोथिंबीर करून विकण्यास सुरुवात केली. शेजारपाजारचे लोक रोपे नेत, नेरूळच्या एका रोपवाटिकेचीही मागणी असे. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिने मला विचारले की, उन्हाने रोपे करपतात, काही करता येईल का? मी बाजारात गेलो आणि जे सर्वांत भारी दिसले ते घेतले. दहा फूट बाय पंधरा फुटांचे, चारी बाजूंनी प्लास्टिकने बंद, एका टोकाला चेन लावलेले दार, असे तयार हरितगृह. अडतीस हजार रुपये झाले. त्यांतले पंधरा हजार आपांच्या भिशीचे होते. विक्रेता म्हणाला, "शेठ, पुण्याकडे सगळे हेच लावतात."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी आपा नातेवाईकांकडे गेल्या होत्या. दार बंद राहिले. परत आल्या तेव्हा बारा ट्रे, म्हणजे हजाराच्या वर रोपे, उकडलेल्या पालेभाजीसारखी झाली होती. पुढे मी तेथे तापमापी टांगली. बाहेर ३४ अंश असताना आत ४६ अंश होते. मग दार उघडे ठेवू लागलो, बाजूचे प्लास्टिक गुंडाळून वर बांधले. जूनच्या पहिल्या वादळी पावसात तेच गुंडाळलेले प्लास्टिक सुटले, शिडासारखे फुगले आणि सबंध सांगाडा पायांसकट उचलून शेजाऱ्याच्या टाकीवर जाऊन पडला. टाकीचे पैसेही मीच भरले.

त्या दिवशी आपांनी मला जे ऐकवले ते अजून आठवते. "अरे, तीस वर्षं गिऱ्हाइकाला सांगतोस, कापड हातात घ्या, चोळून बघा, मग घ्या. हे घेताना तू हातात घेऊन बघितलंस का?"

मी बघितले नव्हते.

थंड मुलखाची वस्तू, दमट मुलखात

हरितगृह मुळात थंडीसाठी निर्माण झाले. काच किंवा प्लास्टिक ऊन आत येऊ देते, पण आत तापलेली हवा बाहेर जाऊ देत नाही. उन्हात उभी केलेली बंद मोटार तापते तोच हा प्रकार. ज्या देशात बाहेर बर्फ पडते तेथे ही ऊब म्हणजे दौलत. लंडनमध्ये १८५१ साली भरलेल्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी काच-लोखंडाचा क्रिस्टल पॅलेस उभारला, तो बागेतील काचघरांच्या अनुभवावरूनच. बेंगळुरूच्या लालबागेतील काचघर, ज्याचा पाया १८८९ साली घातला गेला, त्याच घराण्यातले आहे. पण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, ही बाब विसरून चालणार नाही.

महाराष्ट्रातही तसेच आहे. १९९१ च्या आर्थिक धोरणबदलानंतर पुणे, तळेगाव, मावळ या पट्ट्यात निर्यातीच्या गुलाबासाठी पॉलिहाऊस उभी राहिली आणि त्यांनी नाव कमावले. तो प्रदेश घाटावरचा आहे. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असून तेथे रात्री गार असतात. शिरवणे खाडीकाठी. येथे रात्रीचीही हवा जड आणि दमट. पुण्याचा नमुना जसाच्या तसा घाट उतरवून येथे आणणे म्हणजे हिवाळी लोकरी सूट मे महिन्यात मोहम्मद अली रोडवर विकायला बसण्यासारखे आहे. माल वाईट नाही, पेठ चुकली.

मग आपल्या हवेत रोपाला काय त्रास होतो? फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये कडक ऊन. मुंबईचे अक्षांश सुमारे १९ अंश असल्यामुळे मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस, जो माती उसळवतो, कोवळी रोपे झोडपतो आणि मुळाशी कुज आणतो. आणि बारा महिने किडी. थंडीचा त्रास जवळजवळ नाहीच. म्हणजे आपल्याला ऊब कोंडणारे घर नको, सावली देणारा मांडव आणि पाऊस अडवणारे छप्पर हवे, तेही बाजू मोकळ्या ठेवून.

ही काही नवी अक्कल नाही. पानवेल हे नाजूक पीक. वसई-पालघर भागातले पानमळे जुन्या काळापासून प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात पानमळ्यात शेवरी, पांगारा, शेवगा, हदगा अशी झाडे लावून त्यांच्या आधाराने वेल चढवतात आणि त्यांच्याच विरळ पानांतून गाळलेले ऊन वेलीला देतात. बंगालात त्याच वेलीसाठी बांबू-बोरू-ताट्यांचा 'बरोज' बांधतात. ऊन अर्धे गाळणारे आणि वारा जाऊ देणारे घर आपल्या देशातील पान पिकवणाऱ्यांनी शेडनेट येण्याच्या कितीतरी आधी तयार केले होते. फरक इतकाच की ते पाल्याचे होते, आता ते प्लास्टिकच्या धाग्याचे आहे.

एक सांगाडा, दोन कपडे

आपांच्या अंगणात दुसऱ्यांदा जे उभे केले त्याचे सूत्र असे की सांगाडा एक, पण कपडे दोन. उन्हाळ्यात जाळी, पावसाळ्यात प्लास्टिकचे छप्पर.

बहुतेक लोक येथेच चुकतात. जाळी एकदा बांधली की बारा महिने तशीच. जुलैमध्ये आकाश ढगांनी झाकलेले असते, उजेड आधीच थोडा, त्यात ५० किंवा ७५ टक्के सावलीची जाळी. रोपे उजेडासाठी उंच, पांढुरकी, सुतासारखी वाढतात आणि मान टाकतात. मालक खत घालतो, औषध फवारतो. दोष जाळीचा असतो. शिवाय जाळी पाऊस अडवत नाही. बारीक थेंब जाळीवर एकत्र होऊन मोठा थेंब पडतो, तो रोपाला अधिक लागतो. म्हणून मृगाच्या सुमारास जाळी काढून, धुऊन, वाळवून घडी करावी आणि छपरावर प्लास्टिक चढवावे. ऑक्टोबरात उलट.

आणखी एक. खरेदीला निघण्यापूर्वी आपल्या अंगणावर किती तास ऊन पडते ते घड्याळ लावून पाहा. नवी मुंबईत दोन्ही बाजूंना इमारती असल्या तर दिवसाचे चारच तास ऊन मिळते. अशा जागी जाळीची गरजच नाही. केवळ पश्चिमेच्या बाजूला दुपारपुरता पडदा पुरतो. हा खर्च वाचवणारा सल्ला कोणताही दुकानदार देणार नाही.

जाळी कशी पारखावी

आता माझ्या धंद्याकडे येतो.

जाळीवर ३५, ५०, ७५, ९० असे आकडे असतात. ५० म्हणजे निम्मे ऊन अडते, ७५ म्हणजे पाऊण अडते व पाव आत जाते. पुष्कळ गिऱ्हाईक हे उलटे समजतात आणि "जास्त नंबर म्हणजे चांगला माल" म्हणून ९० चा नेतात. त्याखाली माणूस बसवावा, भाजी नव्हे. उन्हाळी कोथिंबीर, मेथी, पालक आणि कोवळी रोपे यांना ३५ ते ५० पुरे. टोमॅटो, मिरची, वांगी यांना फळ धरण्यास भरपूर ऊन लागते. त्यांना सावली द्यायचीच तर ३५ च्या वर जाऊ नये, तीही ऐन उन्हाळ्यापुरती. ७५ ची जाळी ऑर्किड, अँथुरियम अशा सावलीतल्या फुलझाडांसाठी.

छापील आकडा खरा की खोटा? भरदुपारी उजेड मोजणारे छोटे यंत्र (लक्समीटर) घेऊन आधी मोकळ्या उन्हात आणि मग लगेच जाळीखाली मोजावे. मोबाइलमध्येही तसे ॲप मिळते, ते तितके अचूक नसते, पण अंदाज येतो. बाहेर ८० हजार आणि आत ४० हजार आले तर जाळी ५० ची. आत २० हजार आले तर ती ७५ ची, लेबल काही म्हणो.

धागा दोन प्रकारचा असतो. एक पट्टीसारखा चपटा, त्याला टेप म्हणतात. दुसरा गोल, मासेमारीच्या गळाच्या दोऱ्यासारखा, तो मोनो. काही मालात एक धागा गोल व एक चपटा असतो. चपटा स्वस्त पडतो व झाकतो चांगला, पण वाऱ्यात फडफडून फाटतो आणि धूळ धरतो. गोल धाग्यातून वारा सरळ निघतो, धुतला की स्वच्छ होतो, टिकतोही जास्त. शिरवण्यासारख्या ठिकाणी, जेथे एका अंगाला कारखान्यांचा पट्टा आणि दुसऱ्या अंगाला सायन-पनवेल महामार्गाची धूळ आहे, तेथे गोल धाग्याचा माल महाग वाटला तरी घ्यावा. धूळ बसलेली ५० ची जाळी दोन महिन्यांत ६०-६५ चे काम करू लागते.

चांगली शेडनेट मागावर विणलेली नसते. ती राशेल यंत्रावर गाठीगाठीने गुंफलेली असते. आपल्या भाषेत सांगायचे तर ती लूमचा माल नसून निटिंगचा माल. कात्रीने कोपरा कापून पाहा. निटिंगची जाळी कापलेल्या जागी उसवत पुढे जात नाही. साधी ताणा-बाणा विणलेली असेल तर धागे सुटू लागतात. निटिंगचा माल ताणला की रुंद होतो, ही बाब व्यापाऱ्यांना सांगणे नको. काही ठिकाणी ताणून रुंदी दाखवतात. ताणलेल्या जाळीची भोके उघडतात आणि ५० चा माल ४० चे काम करतो. पन्हा मोजताना जाळी जमिनीवर सैल टाकून मोजावी.

सर्वांत मोठी कसोटी वजनाची. कापडाच्या बाजारात जीएसएम न विचारता ताका उचलणारा व्यापारी दिवाळखोर समजावा, पण तोच माणूस जाळी घेताना रंग पाहून नेतो. रोलचे वजन भागिले रोलचे क्षेत्रफळ. समजा रोल ३ मीटर रुंद, ५० मीटर लांब, म्हणजे १५० चौरस मीटर. वजन साडेतेरा किलो भरले तर चौरस मीटरला ९० ग्रॅम. दुसऱ्या दुकानी तेवढाच रोल, तोच ५० नंबर, नऊ किलो भरला तर तो ६० ग्रॅम. दर निम्मा का होता ते आपोआप कळले. मी पहिल्या वेळी काटा मागितलाच नाही.

माल पॉलिथिलीनचा असला पाहिजे. एक तुकडा पाण्यात टाका. पॉलिथिलीन पाण्यापेक्षा हलके असते, ते तरंगते. हवेचे बुडबुडे चोळून काढल्यावरही तुकडा तळाशी गेला तर त्यात खडूची भुकटी किंवा दुसरे काही मिसळले आहे असे समजावे. जळणाऱ्या धाग्याला मेणबत्तीचा वास यावा. सूत आणि पॉलिएस्टर ओळखण्यासाठी आपण जी काडी पेटवतो, तीच येथेही कामाला येते. धाग्याचा रंग ठिकठिकाणी वेगळा, हाताला खरखरीत आणि झटका दिला की तुटतो, असा माल भंगार वितळवून केलेला असतो.

एक गोष्ट मात्र डोळ्याने वा हाताने कळत नाही, ती म्हणजे उन्हापासून धागा वाचवणारे औषध घातले आहे की नाही. त्यास यूव्ही स्टॅबिलायझर म्हणतात. ते नसलेला धागा उन्हात ठिसूळ होऊन चुरतो. येथे बिल हाच पुरावा. किती वर्षांची हमी ते बिलावर लिहून घ्यावे. तोंडी हमी घेऊ नये. भारतीय मानक ब्यूरोने शेडनेटसाठी आयएस १६००८ हे मानक २०१६ साली दिले आहे. त्याचा पहिला भाग टेप धाग्याच्या जाळीचा, दुसरा मोनो धाग्याच्या जाळीचा. हा क्रमांक दुकानदारापुढे नुसता उच्चारला तरी बोलण्याची भाषा बदलते, असा माझा तजुर्बा आहे. ज्या कारखानदार बंधूंना या मालात खोलवर जायचे असेल त्यांच्यासाठी वरळीची सासमिरा ही संस्था आहे. १९५० साली सिंथेटिक व आर्ट सिल्क गिरण्यांसाठी स्थापन झालेली ही संशोधन संस्था आता शेतीच्या कापडाचेही केंद्र आहे.

रंगाबद्दल थोडेच. हिरवी जाळी शोभून दिसते म्हणून खपते. झाड लाल व निळा प्रकाश जास्त वापरते आणि हिरवा बराचसा परत करते, म्हणून तर पान हिरवे दिसते. हिरव्या जाळीतून हिरवाच प्रकाश अधिक येतो, त्यामुळे ती रोपांच्या विशेष कामाची नाही. काळी जाळी उजेडाचा रंग बदलत नाही, फक्त कमी करते, आणि काजळीच्या रंगामुळे उन्हात जास्त वर्षे टिकते. ती स्वतः तापते, म्हणून रोपांपासून पुरेशी उंच बांधावी. पांढरी जाळी उजेड पसरवते व कमी तापते, मात्र मळते लवकर. आम्ही काळी ५० घेतली.

पावसाळी छप्पर आणि कीड अडवणारी जाळी

प्लास्टिकमध्ये घरबांधणीवर टाकतात तो निळा-पिवळा कागद घेऊ नये. हरितगृहाचा कागद २०० मायक्रॉनचा, म्हणजे जुन्या मापाने ८०० गेजचा, यूव्ही औषध घातलेला असतो. जाडी मोजायला मायक्रोमीटर असलेला फॅब्रिकेटर मित्र सोबत न्यावा. हा कागद बहुधा तापलेल्या पाईपावर टेकतो तेथेच प्रथम फाटतो. पाईपाला वरच्या अंगाने पांढरा रंग द्यावा किंवा पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळावी. माझ्या दुकानातील कटपीस येथे कामी आले. गंधकाचे औषध फवारल्यानेही कागदाचे आयुष्य घटते.

छपराला भरपूर उतार हवा. सपाट छपरावर पाणी साठून पोट सुटते. एका चौरस मीटरवर नुसते एक सेंटिमीटर पाणी साचले तरी दहा किलो वजन होते आणि आपला पाऊस सेंटिमीटरवर थांबणारा नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता.

किडीच्या जाळीचा नंबर मेशमध्ये असतो. एका इंचात किती भोके, तो मेश. पांढरी माशी थांबवायची तर ४० ते ५० मेश लागते. पण जाळी जितकी बारीक तितका वारा कमी, हे कापडवाल्याला समजावून सांगायची गरज नाही. मलमल आणि जाडाभरडा यांत हवा कोठून जास्त जाते ते आपण जाणतोच. आणि एक मुद्दा, ज्यामुळे अनेकांचा हिरमोड होतो: किडीची जाळी मधमाशीलाही अडवते. काकडी, दोडका, दुधी, कारले यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. बंद जाळीत ती लावली तर वेल भरभरून फुलतो आणि फळ एकही धरत नाही. मग नर फूल तोडून मादी फुलावर हाताने टेकवावे लागते. टोमॅटो, मिरचीला तो त्रास नाही, झाड हलके हलवले तरी पुरते. आपांनी चारी बाजूंना बारीक जाळी न लावता फक्त रोपांच्या ट्रेवर मच्छरदाणीसारखी छोटी चौकट केली आहे. तेवढ्यावर भागले.

वारा

सांगाड्याचा विचार लोक वजन पेलण्याच्या दृष्टीने करतात. खरे संकट वजनाचे नसून उचलले जाण्याचे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ४७ किलोचा दाब टाकतो. आमचे पहिले हरितगृह दहा बाय पंधरा फूट, म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. हिशेब साडेसहाशे किलोवर जातो. पायाला चार विटा लावून हे थांबणार नव्हते. वेग निम्मा झाला तर दाब चौथाईवर येतो, पण ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आणि १७ मे २०२१ चे तौक्ते वादळ आपण सर्वांनी अनुभवले आहे. तौक्ते तर मुंबईच्या किनाऱ्याला न टेकता समुद्रातून गेले, तरी येथे वाऱ्याचे झोत ताशी शंभरच्या वर होते.

म्हणून अंगणात खांब दीड-दोन फूट काँक्रीटमध्ये पुरावेत. पाईप जीआयचा घ्यावा. त्यावरील पट्टीचा रंग पाहावा: पिवळी म्हणजे हलका, निळी मध्यम, लाल जड. पुष्कळ दुकानांत पिवळा देऊन निळ्याचा दर लावतात. खाडीच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी अँगल दोन पावसाळ्यांत पोखरतात. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो, तेथे जस्ताचा रंग न विसरता मारून घ्यावा, अन्यथा गंज तेथूनच सुरू होतो. शक्य तेथे नटबोल्टची जोडणी बरी, कारण सांगाडा सोडवून नेता येतो.

जाळी व कागद पाईपाला तारेने बांधू नयेत, तार कापते. कागदासाठी ॲल्युमिनियमची पन्हळ आणि झिगझॅग स्प्रिंग मिळते. हिच्यातून कागद पाच मिनिटांत सोडवता येतो, आणि वादळाची सूचना आली की कागद काढून घेणे हाच खरा विमा आहे. जाळीच्या काठाला दुमड घालून शिवून घ्यावी, त्यात दोरी ओवावी. या शिलाईला सुती दोरा चालत नाही, कुजतो. यूव्ही औषधाचा पॉलिएस्टर दोरा लागतो. आमच्या ओळखीच्या तंबू-शामियाने शिवणाऱ्या कारागिराने हे काम एका दिवसात केले. त्याने काठाला दर दोन फुटांवर आयलेट ठोकले आणि म्हणाला, "शेठ, हे तर आमचंच काम, आम्हाला कोणी सांगितलंच नाही." शामियाना शिवणारे, वेल्डर, जाळी विकणारे यांनी या धंद्याकडे पाहावे. तयार हरितगृह विकणारा आज जे काम चढ्या भावाने देतो, त्यातले निम्म्याहून अधिक आपल्या मोहल्ल्यातील हातांना येते.

उंची किमान आठ फूट, जमल्यास दहा. तापलेली हवा वर चढते, तिला माथ्यावर जागा पाहिजे. प्लास्टिक छपराला माथ्याशी फटही ठेवावी, एक पाख दुसऱ्यावर थोडी चढवून, म्हणजे हवा निघेल पण पाऊस येणार नाही. फटीचे तोंड पश्चिम-नैर्ऋत्येकडे नको, पावसाळी वारा तिकडूनच येतो.

गच्चीवर करणाऱ्यांसाठी दोन शब्द. गच्ची सोसायटीची असते. कमिटीची लेखी परवानगी आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात चौकशी केल्याशिवाय खांब रोवू नयेत. स्लॅबला भोक पाडणे तर सर्वथा टाळावे, गळतीचे भांडण वर्षानुवर्षे चालते. वजनासाठी पाण्याची पिंपे ठेवतात. दोनशे लिटरचे एक पिंप म्हणजे दोनशे किलो, हे ध्यानात घेऊन ती तुळईच्या वर ठेवावीत, स्लॅबच्या मध्यावर नव्हे. आणि सरकारी अनुदानाच्या आशेवर राहू नये. फलोत्पादन अभियानाची मदत शेतकऱ्यांच्या हरितगृहांसाठी आहे, अंगणातील मांडवासाठी नाही. शंका असल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९७२) कर्जत येथील केंद्र आपल्याला जवळचे आहे.

आपांचा दुसरा मांडव दहा बाय बाराचाच आहे, पहिल्यापेक्षा लहान. कारण अंगणात ऊन पोहोचते तेवढ्याच भागावर तो घातला. जुन्या सांगाड्याचे पाईप पिवळ्या पट्टीचे निघाले. ते भंगारात न देता दोडक्याच्या वेलासाठी लावले. तापमापी तेथेच टांगलेली आहे. एप्रिलमध्ये भरदुपारी जाळीखाली आणि बाहेर एखाद-दीड अंशाचाच फरक असतो, पण पानावर थेट ऊन नसल्याने रोपे मान टाकत नाहीत. दोन पावसाळे झाले, कागदाला माझ्या कटपिसाची पट्टी सरकली तेथे एक चीर पडली, ती चिकटपट्टीने सांधली आहे. पंधरा हजारांपैकी नऊ हजार रोपांच्या विक्रीतून परत भिशीत गेले, असे त्यांच्या वहीत लिहिलेले मी पाहिले. जाळीच्या काठावर त्यांनी मार्करने तारखा लिहिल्या आहेत, कधी चढवली, कधी उतरवली. यंदा जाळी ६ जूनला उतरली.